कारागृहातील तक्रारींची चौकशी: मराठवाड्यातील एका सेवेचे परीक्षण

ज्या सेवेचा लाभार्थी बाहेर येऊन अभिप्राय लिहू शकत नाही, अशा एका सेवेचे हे परीक्षण आहे. कारागृहातील बंद्याची तक्रार घेणे, तिची खातरजमा करणे आणि चौकशीत काय निघाले ते त्याला कळवणे हे काम मराठवाड्यात कोणत्याही एका कार्यालयाचे नाही. ते सत्र न्यायाधीश, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, अभ्यागत मंडळ (कारागृहाला भेट देऊन पाहणी करणारे मंडळ), राज्य मानवी हक्क आयोग आणि लोक आयुक्त (सरकारी कारभाराविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे) यांच्यात विभागलेले आहे. मी जिल्हा न्यायालयात वकिली करते आणि प्राधिकरणाच्या यादीवरील वकील म्हणून कारागृहातील विधी सहाय्य कक्षात बसते. बंद्यांचे अर्ज लिहून घेताना आणि नंतर त्यांचा पाठपुरावा करताना या सगळ्या दारांशी माझा संबंध आला. ज्यांचा नातेवाईक आत आहे त्यांना कोणत्या दारावर किती भरवसा ठेवावा हे कळावे, एवढ्यासाठी हे लिहीत आहे. हर्सूलचे मध्यवर्ती कारागृह, बीड, नांदेड, परभणी, धाराशिव, जालना, लातूर येथील जिल्हा कारागृहे आणि पैठणचे खुले कारागृह असा आपल्याकडचा पसारा आहे. त्यांपैकी ज्या ठिकाणचे अनुभव पुढे येतील त्यांची नावे देणार नाही, कारण तक्रार करणारे अजून तिथेच राहतात.

मत आधीच सांगते. तक्रार स्वीकारणारी सेवा म्हणून ही व्यवस्था बरीच चांगली आहे. चौकशी करणारी सेवा म्हणून ती अपुरी आहे. बंद्यांच्या तक्रारींची चौकशी हेच ज्याचे पूर्णवेळ काम आहे, असा एकही माणूस जिल्ह्याच्या पातळीवर नेमलेला नाही, हे त्याचे मुख्य कारण आहे.

तिहार कारागृहातील सुनील बत्रा या बंद्याने दुसऱ्या एका बंद्याच्या छळाबद्दल पत्र लिहिले, सर्वोच्च न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले आणि डिसेंबर १९७९ च्या निकालात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी तक्रार पेट्यांचा निर्देश दिला. या पेट्या जिल्हा दंडाधिकारी आणि सत्र न्यायाधीश यांच्या आदेशाखाली असाव्यात, सर्व बंद्यांना त्यांच्यापर्यंत पोहोचता यावे आणि त्या वेळोवेळी उघडल्या जाव्यात, असे त्यात म्हटले आहे. पेटी मी गेले त्या प्रत्येक ठिकाणी आहे. तिचा उपयोग मात्र ती कुठे टांगली आहे यावर ठरतो. अधीक्षकांच्या दालनाशेजारी, ये-जा करणाऱ्या प्रत्येक हवालदाराच्या नजरेसमोर लावलेल्या पेटीत रजेच्या आणि जेवणाच्या अर्जांखेरीज फारसे काही सापडत नाही. तीच पेटी पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या वाटेवर लावली की चिठ्ठ्यांचा मजकूर बदलतो. किल्ली कोणाकडे असते आणि पेटी उघडताना कोण हजर असते, हे दोन प्रश्न नातेवाईकांनी प्राधिकरणाच्या कार्यालयात निःसंकोच विचारावेत. त्याचे उत्तर देण्यात कोणाचेही नुकसान नाही.

विधी सहाय्य कक्ष हा या व्यवस्थेतला सर्वांत चांगला भाग आहे, आणि मी त्यात काम करते म्हणून असे म्हणत नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार कोठडीत असलेल्या व्यक्तीला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. १५१०० या विधी सहाय्याच्या क्रमांकावर नातेवाईक फोन करू शकतात. आता लोक अभिरक्षक कार्यालये (आरोपींना मोफत बचाव देणारी कार्यालये) सुरू झाल्यापासून फौजदारी खटल्यासाठी पूर्णवेळ वकील उपलब्ध झाले आहेत. जामीन मंजूर होऊनही जामीनदार न मिळाल्याने आत राहिलेला मजूर, निकालाची प्रत न मिळालेला सिद्धदोष बंदी, पहिल्याच गुन्ह्यात शिक्षेच्या कमाल मुदतीच्या एक तृतीयांश काळ काढूनही भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ खालचा सुटकेचा अर्ज न झालेला न्यायाधीन (खटला चालू असलेला) बंदी, अशा प्रकरणांत ही सेवा खरोखर पोहोचते आणि काम करते.

तक्रार कारागृहाविरुद्धच असेल, तर मात्र याच कक्षाची अडचण होते. मला भेटायला येणाऱ्या बंद्याचे नाव हवालदार बराकीत जाऊन पुकारतो. कोण वकिलाकडे गेला, किती वेळ बसला, परतताना त्याचा चेहरा कसा होता, हे सगळ्या बराकीला माहीत असते. एका बंद्याने मला जे सांगितले ते मी कोणत्याही प्रशिक्षणात ऐकलेले नाही: "मॅडम, तुम्ही लिहून घेताल अन् जाताल, आम्हाला रात्री हितंच झोपायचंय." त्यामुळे कागदावर येणारी पहिली तक्रार ही बहुधा खरी तक्रार नसते. भाजीत पाणी जास्त असते म्हणून अर्ज देणारा माणूस, दोन-तीन भेटींनंतर कक्षात दुसरे कोणी नसताना सांगतो की वॉर्डर म्हणून नेमलेला जुना बंदी त्याच्या मनीऑर्डरमधून हिस्सा मागतो. पहिला अर्ज किरकोळ म्हणून निकाली काढला, तर दुसरी तक्रार कधीच येत नाही. चौकशी करणाऱ्याने त्याच माणसाला पुन्हा भेटणे म्हणूनच आवश्यक असते, आणि आपल्याकडे वकिलांच्या भेटी पाळीने लावल्या जात असल्याने पुढच्या वेळी बहुधा दुसराच वकील बसलेला असतो.

चौकशीचे खरे काम नोंदवह्यांत आहे. कारागृहात जवळपास प्रत्येक हालचालीची कुठे ना कुठे नोंद होते: गेटवरची आवक-जावक, मुलाखतीची नोंद, दवाखान्याची नोंदवही, कॅन्टीनच्या खर्चाचा हिशेब, शिक्षेची नोंद असलेले हिस्ट्री तिकीट. छातीत दुखत असूनही जिल्हा रुग्णालयात नेले नाही, अशी तक्रार असेल तर डॉक्टरांनी पाठवण्याची शिफारस केव्हा लिहिली, पोलीस मुख्यालयाकडे गार्डची मागणी केव्हा गेली आणि गार्ड केव्हा मिळाला, या तीन तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की निम्मी चौकशी होते. अनेकदा त्यातून कारागृहाचा दोष निघतच नाही. मागणी त्याच दिवशी गेलेली असते. बंदोबस्ताच्या दिवसांत गार्ड उपलब्ध नसतो, आणि गेटवरचा तुरुंगाधिकारी बंद्याच्या आणि पोलिसांच्या मध्ये हतबल उभा असतो. हे तक्रारदाराला समजावून सांगणे हाही चौकशीचाच भाग आहे, कारण 'मुद्दाम नेले नाही' असे वाटत राहिले तर तो माणूस पुढे औषधही घेत नाही. पण या नोंदवह्या मी स्वतः उघडू शकत नाही. प्राधिकरणाच्या सचिवांमार्फत माहिती मागवावी लागते, आणि येते ती बहुतेक वेळा मूळ नोंदवहीची प्रत नसून तिच्यावरून तयार केलेले एक पानी उत्तर असते.

तारखांची गोष्ट निराळीच आहे. आतल्या माणसाकडे दिनदर्शिका असतेच असे नाही. तो दिवस लक्षात ठेवतो ते पेशीवरून, मुलाखतीवरून आणि सणांवरून. "महालक्ष्म्या बसल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मारलं" हे वाक्य अर्जात जसेच्या तसे लिहिले, तर उत्तर येते की तक्रारीत दिनांक नमूद नाही. त्या वर्षी महालक्ष्म्या कधी बसल्या हे पाहून दिनांक लिहिणे आणि कंसात बंद्याचे मूळ शब्द ठेवणे, एवढे केले की तोच अर्ज तपासण्याजोगा होतो. त्याचप्रमाणे एकाच हस्ताक्षरातले अनेक अर्ज पाहून 'हा कोणीतरी घडवून आणलेला प्रकार आहे' असा शेरा मारला जातो, तेव्हा बराकीत लिहिता येणारा माणूस बहुधा एकच असतो, ही साधी गोष्ट विसरली जाते. त्या लिहिणाऱ्याला संरक्षणाची गरज तक्रारदारापेक्षा जास्त असते.

या व्यवस्थेतील सर्वांत ओळखीचा कागद म्हणजे 'माझी कोणाविरुद्धही काही तक्रार नाही' असा जबाब. तक्रार वर गेली, अहवाल मागवला गेला आणि अहवालासोबत बंद्याच्या सहीचा किंवा अंगठ्याचा असा जबाब आला की प्रकरण संपते. असे सगळेच जबाब खोटे असतात असे मी म्हणणार नाही. रागाच्या भरात केलेल्या तक्रारी असतात आणि माणसे त्या मनापासून मागेही घेतात. परंतु जबाब कोणी लिहिला, कोणत्या खोलीत, कोणासमोर आणि तक्रारीनंतर किती दिवसांनी, हे न विचारता तो स्वीकारणे ही चौकशी नव्हे. तक्रार आणि जबाब यांच्यामधल्या दिवसांत बंद्याची बराक बदलली का, मुलाखत बंद झाली का, 'प्रशासकीय कारणास्तव' त्याला दूरच्या कारागृहात हलवण्याचा प्रस्ताव निघाला का, हे पाहायला हवे. बत्रा प्रकरणातच न्यायालयाने म्हटले होते की शिक्षेचा परिणाम करणारी बदली सत्र न्यायाधीशांच्या पडताळणीशिवाय होऊ नये, आणि तातडी असेल तर दोन दिवसांत त्यांना कळवावे. माझ्या पाहण्यात हा निर्देश अर्जात उद्धृत केला की फाइलची गती थोडी बदलते, म्हणून तो मी आता प्रत्येक अर्जात घालते.

राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रारीला शुल्क नाही, मराठीत लिहिलेली चालते, आणि घटनेपासून एक वर्षाच्या आत ती पोहोचावी लागते. २००१ मध्ये स्थापन झालेल्या या आयोगाचे कार्यालय मुंबईत आहे. त्याला कारागृहाला भेट देण्याचा अधिकार आहे, पोलीस महानिरीक्षकांच्या खालच्या दर्जाचा नसलेल्या अधिकाऱ्याच्या हाताखाली स्वतःचा तपास विभागही कायद्याने दिलेला आहे, आणि नुकसानभरपाईची शिफारस त्याला करता येते. गंभीर मारहाणीच्या किंवा मृत्यूच्या प्रकरणात हे दार ठोठावलेच पाहिजे. अडचण येते ती मधल्या टप्प्यात. आयोग संबंधित खात्याचा अहवाल मागवतो, तो तक्रारदाराकडे म्हणणे मांडण्यासाठी पाठवतो, आणि मुदतीत म्हणणे आले नाही तर प्रकरण बंद होऊ शकते. आता केज किंवा धारूरकडच्या ऊसतोड कुटुंबाची स्थिती पाहा. दसरा-दिवाळीनंतर घराला कुलूप लागते आणि माणसे पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर जातात; आयोगाचे पत्र कुलूपबंद घरी येऊन परत जाते. अशी फाइल बंद झाली तर ती तक्रारीत तथ्य नव्हते म्हणून झाली, असे कागदावरून कोणालाही वाटेल. एका आईला हे समजावताना मला काय उत्तर द्यावे ते सुचले नव्हते. तिचा मुलगा तोवर दुसऱ्या कारागृहात गेला होता.

लोक आयुक्तांविषयी थोडक्यात लिहिते. महाराष्ट्राचा अधिनियम १९७१ चा आहे. त्यात एक तरतूद अशी आहे की पोलीस कोठडीतील किंवा कारागृहातील व्यक्तीने लोक आयुक्तांना लिहिलेले पत्र न उघडता आणि विनाविलंब पुढे पाठवले पाहिजे, आणि लोक आयुक्त ते पत्रच तक्रार म्हणून स्वीकारू शकतात. दिवाणी न्यायालयाप्रमाणे साक्षीदार बोलावण्याचे आणि कागदपत्रे मागवण्याचे अधिकार त्यांना आहेत. इतकी मोलाची तरतूद असूनही तिचा उपयोग करणारा बंदी मला भेटलेला नाही, आणि कारागृहाच्या भिंतीवर ती कुठे लिहिलेलीही दिसली नाही. संचित रजा (फर्लो) आणि अभिवचन रजा (पॅरोल) यांचे नियम मात्र बंद्यांना तोंडपाठ असतात.

याच कामासाठी स्वतंत्र कार्यालय असले तर काय होते, हे इंग्लंडच्या उदाहरणावरून दिसते. मँचेस्टरच्या स्ट्रेंजवेज कारागृहात १९९० मध्ये मोठा उद्रेक झाला, लॉर्ड वुल्फ यांच्या चौकशी अहवालाने तक्रारींसाठी कारागृह खात्याबाहेरची यंत्रणा हवी असे सांगितले, आणि १९९४ मध्ये बंद्यांच्या तक्रारींसाठी लोकपालाचे कार्यालय सुरू झाले. २००४ पासून कारागृहातील मृत्यूंची चौकशीही त्याच कार्यालयाकडे आहे. तिथला चौकशी अधिकारी दिवसभर हेच करतो: बराकीची नोंदवही मागवतो, कॅमेऱ्याचे चित्रण पाहतो, कर्मचाऱ्याचे आणि बंद्याचे म्हणणे वेगवेगळे ऐकतो आणि लेखी निष्कर्ष देतो. त्या व्यवस्थेतही उणिवा आहेत. शिफारशी बंधनकारक नाहीत, आणि बंद्याला आधी कारागृहातील दोन टप्प्यांची तक्रार पूर्ण करून अंतिम उत्तरानंतर तीन महिन्यांत लिहावे लागते. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसावर अशा पायऱ्या लादल्या तर आपल्याकडे पहिल्या पायरीवरच निम्मे लोक थांबतील, त्यामुळे तो ढाचा उचलून इथे बसवावा असे मी सुचवणार नाही. पण ज्याचे नाव, हुद्दा आणि फोन तक्रारदाराला माहीत आहे असा चौकशी करणारा माणूस हवा, एवढे तिथून घेण्याजोगे आहे. आपल्याकडे तेच काम न्यायदानाच्या धबडग्यातून वेळ काढून न्यायाधीश करतात, सुनावण्यांमधून वेळ काढून माझ्यासारखे वकील करतात, किंवा ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचेच वरिष्ठ करतात.

अलीकडच्या दोन घडामोडींमुळे या सेवेवरचा माझा विश्वास थोडा वाढला आहे. सुकन्या शांता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी कारागृहातील जातीवर आधारित कामाची विभागणी घटनाबाह्य ठरवली, नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढण्यास सांगितले, आणि विधी सेवा प्राधिकरण व अभ्यागत मंडळ यांनी मिळून नियमित तपासणी करावी असे निर्देश दिले. आपल्या भागात पारधी समाजातील बंद्यांना आजही पाहताक्षणी सराईत मानले जाते. झाडू आणि संडास यांचे काम कोणाच्या वाट्याला येते हे विचारण्याचा अधिकृत आधार आता आमच्या हातात आहे, आणि त्यासाठी कोणी आधी अर्ज करण्याची वाट पाहावी लागत नाही. दुसरी घडामोड परभणीची. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयीन कोठडीतील एका तरुणाच्या मृत्यूनंतर प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेले आणि जुलै २०२५ मध्ये खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. कोठडीतील मृत्यूची माहिती राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला २४ तासांत द्यावी लागते आणि न्यायदंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी होते, हे नियम पूर्वीपासून आहेत. ते शेवटपर्यंत नेण्यासाठी कुटुंबाला ठाम राहून उच्च न्यायालयात उभे राहावे लागते, हेही त्या प्रकरणातून दिसले.

तक्रार करण्याचे ठरवले असेल तर नातेवाईकांनी मुलाखतीच्या जाळीपाशी किंवा ई-मुलाखतीत तपशील विचारू नये. तिथे खासगीपणा नसतो. बंद्याने विधी सहाय्य कक्षातील वकिलाला भेटण्याची मागणी करावी, एवढेच सांगावे. अर्जात एका वेळी एकच घटना लिहावी, तिच्या आसपासची पेशीची तारीख द्यावी, आणि जखम असेल तर पुढच्या पेशीला न्यायदंडाधिकाऱ्यांना ती दाखवून वैद्यकीय तपासणीची मागणी करावी, कारण न्यायालयाच्या रोजनाम्यात आलेली नोंद कोणाच्याही जबाबाने पुसता येत नाही. दृकश्राव्य माध्यमातून पेशी असेल तर प्रत्यक्ष हजर करण्याचा अर्ज वकिलामार्फत आधीच द्यावा. अर्जाची पोच आणि प्रकरण क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नये. आणि पत्त्याच्या रकान्यात हंगामातही गावात थांबणाऱ्या माणसाचे, मग ते आजोबा असोत, आशाताई असोत किंवा किराणा दुकानदार, नाव आणि मोबाईल क्रमांक त्यांना विचारून लिहावा, म्हणजे आयोगाचे पत्र फडावरच्या कोपीपर्यंत निदान फोनवरून तरी पोहोचेल.